इतकं काही दिसत नाही

आईच्या डोळ्यावरचं प्लास्टिकचं झाकण नर्सने सोडवलं, कापसाने पापणी पुसली आणि म्हणाली, "हं, आता उघडा हळूच. काय काय दिसतंय सांगा." लेक समोरच्या स्टुलावर बसली होती, आईची पर्स मांडीवर घेऊन. आईने डोळा उघडला. पाणी आलं, गालावरून ओघळलं, आईने पुसलं नाही. तिने भिंत बघितली, छत बघितलं, मग नर्सच्या गणवेशावर नजर खिळवून म्हणाली, "अगंबाई, केवढं हे पांढरं!" नर्स हसली. तीही हसली. एरवी ती असं हसत नाही. ओठ मिटून, गालातल्या गालात हसायचं तिच्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही लपवणं आहे हेही ती विसरून गेली आहे. पण आज आईचा डोळा उघडला होता, खेपा आणि काळज्या संपल्या होत्या, आणि हसू तोंडभर आलं ते तिने अडवलं नाही. आई आवाजाच्या दिशेने वळली. तिच्याकडे बघितलं. बघतच राहिली. आणि म्हणाली, "इतके?" नर्सला वाटलं आई थेंबांबद्दल विचारते आहे. तिने थेंब कसे आणि केव्हा घालायचे ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तोवर लेकीचे ओठ मिटले होते आणि आई खाली मान घालून चपला शोधत होती.

टॅक्सीत आई खिडकीशी बसली. येताना ती रस्ताभर बडबडत होती, आता नुसती बाहेर बघत होती. मधेच म्हणाली, "ती कमान निळी आहे होय? मी इतके दिवस हिरवी समजत होते." ती म्हणाली, "हो, निळीच." डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं की मोतीबिंदू काढल्यावर रंग वेगळे वाटतील, आजवर सगळं चहात बुडवल्यासारखं दिसत असणार, आता पांढरं ते पांढरं दिसेल आणि करडं ते करडं. तिनेच ते आईला घरी नीट समजावलं होतं. रंगाचंच काम ती करते, तिला कोण शिकवणार. भिंती वेगळ्या वाटतील, साड्या वेगळ्या वाटतील, भाजीसुद्धा वेगळी वाटेल, घाबरून जाऊ नकोस, असं ती म्हणाली होती. त्या यादीत स्वतःला धरायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. घराशी आईला उतरवून, थेंब घालून, काळा चष्मा हातात देऊन ती निघाली तेव्हा आई दिवाणखान्यातल्या भिंतीसमोर उभी होती. तिथे लेकीचा फोटो आहे. "बस जरा, पड थोडी," ती दारातून म्हणाली. आईने हात हलवला, पण मागे वळली नाही.

दंतमहाविद्यालयात तिचा विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, कारण तिथे उजेड चांगला. लहानपणी एका विशिष्ट औषधाने दात डागाळलेल्या लोकांची तिथे तपासणी होते. डाग किती गडद ते ठरवून ग्रेड द्यायची आणि ग्रेडप्रमाणे मोफत उपचार. पहिली ग्रेड म्हणजे दात फिकट पिवळसर, सगळीकडे सारखे. दुसरी म्हणजे रंग गडद, पण तरी सारखा. तिसरीत करडा-निळा रंग येतो आणि दातांवर आडवे पट्टे दिसू लागतात, तिथे ब्लीच सहसा पुरत नाही, बहुधा कॅप लागते. चौथी म्हणजे ब्लीचने काही होणार नाही, कॅपच बसवायला हवी, अशी. ऐकायला सोपं वाटतं, पण रंग हा महाबिलंदर प्रकार आहे. लिपस्टिक असेल तर दात फसवे दिसतात, म्हणून ओठ पुसून घ्यायचे. कपडे भडक असतील तर त्यांची छटा पडते, म्हणून गळ्यात करडा कपडा बांधायचा. ओठ ताणून धरले की दात सुकतात आणि सुकलेला दात आहे त्याहून गोरा दिसतो, म्हणून ओला असतानाच, पटकन बघायचं. आणि एकटक बघायचं नाही. एकटक बघितलं की डोळा थकतो आणि कुठल्याही रंगाला रुळतो. म्हणून मधून मधून समोरच्या करड्या पुठ्ठ्याकडे बघून डोळे कोरे करायचे. हे सगळं ती विद्यार्थ्यांना शिकवते. शिवाय पेशंटला शिकवायची एक गोष्ट असते. तोंडात हात असताना त्याला बोलता येत नाही, तेव्हा खुर्चीत बसवल्या बसवल्या सांगायचं, दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन. तिच्या शब्दावर लोकांचा विश्वास आहे. तिच्या तोंडावर दिवसभर मास्क असतो आणि मास्कच्या वरचे डोळे फार मायाळू आहेत असं पेशंट म्हणतात.

मास्कसाठीच तिने हा धंदा निवडला असं कुणी म्हटलं तर ती चिडेल, पण नाकारणार नाही. शाळेत बाई म्हणायच्या, "दात काय काढतेस? उभी राहा." ती दात काढत नसायचीच, पण मान खाली घालून उभी राहायची. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत सरांनी दिवे घालवले आणि जांभळ्या प्रकाशाचा दिवा लावला. या दिव्याखाली चांगला दात निळसर पांढरा चमकतो आणि त्या औषधाने डागाळलेला पिवळा, असं सांगून ते म्हणाले, सगळ्यांनी एकमेकांकडे बघून हसा. अंधारात पोरं-पोरी हसली. खोलीभर निळसर दात. आणि मधेच, समोरच्या कपाटाच्या काचेत, एका जागी पिवळे पट्टे, एकावर एक. ते पट्टे आपल्या तोंडातले आहेत हे तिला शेजारणीच्या चेहऱ्यावरून कळलं. सर चांगले होते, त्यांनी चटकन दिवे लावले. मग त्यांनी फळ्यावर दात काढून दाखवला. पुढचा दात हिरडीच्या आत टोकाकडून घडत जातो. टोक तान्हेपणात, मग वरचा भाग रांगताना, चालताना, आणि हिरडीजवळचा शेवटी, पोर चार-पाच वर्षांचं होईतो. ज्या वेळी औषध पोटात गेलं त्या वेळी दाताचा जो भाग घडत होता त्यावर डाग बसतो. म्हणजे एक पट्टा म्हणजे एक आजार. वर ते असंही म्हणाले की हे डाग आधी पिवळे असतात आणि उजेड लागून लागून काळवंडतात, त्यामुळे जो जास्त हसतो त्याचे लवकर काळे होतात. सगळा वर्ग हसला. ती वहीत दाताची आकृती काढत बसली, आणि घरी जाऊन आरशासमोर आपले पट्टे तिने मोजले.

वडील गेले तेव्हा ती जेमतेम बसायला लागली होती. छाती भरली आणि गेले, आई त्यापुढे सांगत नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिलाही तसाच ताप आला, श्वास लागला, डॉक्टरांनी पिवळं गोड औषध लिहून दिलं आणि ती वाचली. टोकाजवळचा पहिला पट्टा तो. तो डॉक्टरांचा. वरचे पट्टे डॉक्टरांचे नाहीत. आईच्या मनाने घेतलं की हे औषध आहे तोवर पोर आहे. पोर खोकलं की बाटली. थंडी पडली, नाक वाहिलं, रात्री कण्हलं, की बाटली. कोपऱ्यावरचा औषधवाला ओळखीचा झाला होता, तो चिठ्ठी मागत नसे. फडताळात वरच्या कप्प्यात ती तपकिरी बाटली असायची आणि शेजारी तिचा वेगळा चमचा. तिला चव अजून आठवते, आधी गोड आणि मग जिभेच्या मागे कडू. आई चमचा भरायची तेव्हा श्वास रोखून धरायची आणि चमचा रिकामा झाला की आई दीर्घ श्वास सोडायची. आपण औषध पितो आणि आई बरी होते, असंच तिला लहानपणी वाटायचं. दातांवरच्या पट्ट्यांचा अर्थ कळला त्या दिवशीही तिला राग आला नाही. तिला फक्त त्या बाईची कीव आली, एका खोलीत, कडेवर पोर घेऊन, कान लावून खोकला ऐकत बसलेल्या. पण आईला तिने यातलं कधी काही सांगितलं नाही. सांगून काय साधणार होतं?

आई रफूचं काम करायची. कपड्यांच्या दुकानात, आणि उरलेलं घरी आणून, खिडकीशी खुर्ची टाकून. कोटाला सिगारेटने भोक पडलेलं असायचं, शाल उंदराने कुरतडलेली असायची, आई त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा ओढून घ्यायची आणि भोक असं विणून काढायची की मालकालाही जागा सापडू नये. काम झालं की कापड खिडकीशी धरून ती लेकीला विचारायची, "बघ बरं, दिसतं का?" ती शोधायची आणि म्हणायची, "दिसत नाही." मग आईचा चेहरा खुलायचा. त्या घरात याहून मोठी शाबासकी नव्हती. दुधाचे दात पडून तिचे पुढचे दात यायला लागले तेव्हा आईला कोण कौतुक, रोज ओठ वर करून बघायची. एके दिवशी बघितलं आणि पदराचं टोक ओलं करून दात पुसला. पुन्हा पुसला. मग सोडा लावून घासला, हिरडीतून रक्त आलं तेव्हा थांबली. शेजारीण म्हणाली, "अगं, हिचे दात असे कसे गं?" शेजारणीदेखत आईने लेकीला खिडकीशी नेलं, उजेडाकडे तोंड करून बघितलं आणि म्हणाली, "काहीतरीच. इतकं काही दिसत नाही." पुढे दरवर्षी दात काळवंडत गेले आणि दरवर्षी आई तेच म्हणत गेली. शाळेत पोरींनी चिडवलं, इतकं काही दिसत नाही गं. नोकरीसाठी फोटो काढला, इतकं काही दिसत नाही. त्या वेळी आईचे डोळे चांगले होते. सुईत धागा एका फटक्यात ओवायची. म्हणजे तेव्हा आई खोटं बोलत होती, आणि मग हळूहळू मोतीबिंदू वाढला आणि त्याने ते खरं करून टाकलं.

छोटे सर केबिनच्या दारात उभे होते. तिच्यानंतर विभागात आलेले, वयाने बरेच लहान, म्हणून विद्यार्थी त्यांना छोटे सर म्हणतात. तेही ग्रेड देतात. दोघांनी एकमेकांना न विचारता द्यायची आणि मग ताडून बघायची, अशी पद्धत आहे. "मॅडम, बसू का जरा?" ते म्हणाले आणि बसलेच नाहीत. "ताळा करून बघितला. आपल्या दोघांचं जमत नाहीये."

"किती जमत नाहीये?"

"बऱ्याच ठिकाणी. म्हणून मी मोठ्या सरांना फोटो पाठवून तिसरं मत घेतलं. तुम्हाला न विचारता घेतलं, सॉरी. तर... तुम्ही जवळजवळ सगळ्यांना एक ग्रेड कमी देताय."

"माझी नजर गेली म्हणता?"

"नाही हो, मॅडम. नजर गेली असती तर कधी कमी, कधी जास्त झालं असतं. तुम्ही दर वेळी तितकंच कमी देता. तेच फोटो महिन्याने पुन्हा दाखवले तरी तेच. इतकी शिस्तीची चूक मी आजवर बघितली नाही." ते हसले, मग हसायला नको होतं असं वाटून ओशाळले.

तिने ते फोटो मागून घेतले आणि एकटीने बघितले. नुसती तोंडं, ओठ ताणलेली, चेहरा कुणालाच नाही. एकेका फोटोकडे बघताना तिने स्वतःला पकडलं. डोळा दातावर जायचा, पट्टा दिसायचा, आणि मनात एक बाई पदराचं टोक ओलं करून पुढे यायची. इतकं काही दिसत नाही. मग हात जाऊन दुसऱ्या ग्रेडवर खूण करायचा. करड्या पुठ्ठ्याकडे बघून ती डोळे कोरे करत आली होती, पण ज्या दातांना तिचा डोळा रुळला होता ते रोज सकाळी बेसिनवरच्या आरशात होते. तिने स्वतःला मनातल्या मनात कधीतरी तिसरी दिली होती, तीही हलकी तिसरी. मग त्याहून बरे असतील ते सगळे दात तिला चांगलेच वाटणार. हे नुसते फोटो नव्हते. दुसरी ग्रेड मिळालेल्यांना ब्लीचचे ट्रे देऊन घरी पाठवलं होतं, महिनोन्‌महिने रात्री दातांवर घालून झोपा म्हणून, आणि ज्यांचे त्याने जाणार नाहीत तेही त्यात होते.

त्यातलीच एक दुपारी आली. बालवाडीत शिकवणारी मुलगी, उंच, बोलताना हाताची मूठ ओठांशी धरणारी. हिला दुसरी ग्रेड तिनेच दिली होती. मुलगी खुर्चीत बसली, करडा कपडा स्वतःच गळ्यात बांधून घेतला. ट्रे रोज घातला, एक रात्र चुकवली नाही, असं म्हणाली. दातांना इतक्या कळा यायच्या की गार पाणी सोडलं. "बघा ना, मॅडम, फरक आहे ना?" तिने बघितलं. टोकाकडे थोडा उजाळा आला होता, हिरडीजवळ करडा पट्टा होता तसाच होता, उलट शेजारचं उजळल्यामुळे अधिकच उठून दिसत होता. "आहे," ती म्हणाली. "थोडा आहे."

"तुम्हाला खरंच दिसतो? मला वाटलं मलाच दिसत नाही." मुलगी जरा थांबली. "वर्गात एक पिल्लू आहे माझ्या, चार वर्षांचं. रोज विचारतं, टीचर, तुम्ही ब्रश करत नाही का? मी त्याला सांगते, करते रे बाबा. परवा स्वतःचा ब्रश घेऊन आला दप्तरातून, म्हणाला, हा तुम्हाला ठेवा. सगळे हसले, मीही हसले. म्हणजे, तोंड मिटून." मग तिच्याकडे बघून म्हणाली, "जाऊ दे. तुम्हाला नाही कळायचं ते, मॅडम."

तिचा हात मास्कच्या दोरीकडे गेला. एक क्षण तिला वाटलं, ओढावा आणि दाखवावं, हे बघ, मला कळतं. पण मग ही पोरगी विचारेल, तुम्ही स्वतः दातांच्या डॉक्टर, तुम्ही का नाही केलं? तिने दोरी घट्ट केली. "चूक माझी झाली," ती म्हणाली. "तुझी ग्रेड मी कमी दिली होती. तुझे दात ट्रेने जाणाऱ्यातले नाहीत. कॅप लागतील. मी आज बदलून देते." मुलीने ऐकलं, पण रागावली नाही. तिला रडू आलं आणि ते तिने मुठीत लपवलं. "म्हणजे खराबच आहेत ना?" ती म्हणाली. "घरचे म्हणायचे, मनाला लावून घेतेस, एवढं काही नाहीये. मला वाटायचं मीच वेडी आहे." डोळे पुसून ती म्हणाली, "थँक्यू, मॅडम." खराब दातांबद्दल इतक्या मनापासून आभार मानलेले तिने कधी ऐकले नव्हते.

मुलगी गेल्यावर तिने छोट्या सरांना आत बोलावून दार लोटलं, मास्क काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "माझे बघा." त्यांनी नाही म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. तिचा कोट केशरी ब्लाउजवर नीट ओढून घेतला होता की नाही ते बघितलं, भिंतीवरच्या करड्या पुठ्ठ्याकडे बघितलं, डोळे कोरे केले आणि मग तिच्याकडे बघितलं. रोज दुपारी डबा खाताना हे दात त्यांच्या समोर असतात. "चौथी, मॅडम," ते म्हणाले. इतक्या आदराने तिच्याशी आजवर कुणी खरं बोललं नव्हतं. ती म्हणाली, "ठीक आहे. सगळे पेशंट पुन्हा बोलावून घ्या. तुम्ही बघा, मी नको." आणि मास्क पुन्हा बांधला.

कॅप का नाही बसवल्या, हे तिला बऱ्याच जणांनी विचारलं होतं. विद्यार्थी, सहकारी, आणि एक तो. तो फोटोग्राफर नव्हता, पण फोटोचा शौक होता, आणि दोघांचं जुळत आलं होतं. एका सहलीत तिचा फोटो त्याने तिच्या नकळत काढला, ती खळखळून हसत असताना. वाढदिवसाला मोठा करून, चौकट घालून आणला. फोटोत तिचे दात पांढरेशुभ्र होते. त्याने कॉम्प्युटरवर ते धुऊन काढले होते. प्रेमानेच केलं होतं, दुसरं काही मनात नसणार. ती छान म्हणाली, आणि त्यानंतर त्याच्यासमोर तिला नीट हसताच येईना. मग ते जुळत आलेलं उसवलं. आईने मात्र फोटो दिवाणखान्यात लावला. तोवर तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलाच होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "बघा, कसे मोत्यासारखे दात आहेत. उगाच लोक म्हणायचे." ते ऐकलं आणि मग कॅप बसवायचा विचार तिने कायमचा सोडला. कारण कॅप बसवली असती तर आईने विचारलं असतं, कशासाठी? आणि कशासाठी याचं एकच उत्तर होतं, की दिसतं म्हणून. ते उत्तर आईपर्यंत पोचू द्यायचं नाही एवढ्यासाठी ती इतकी वर्षं हे दात तोंडात घेऊन फिरत होती. आई तिला सांभाळत होती आणि ती आईला, आणि दोघीही एकमेकींना काही कळू देत नव्हत्या.

घरी आली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. दिवाणखान्याच्या भिंतीवर फिकट चौकोन दिसला, फोटोची जागा. फोटो खिडकीच्या कट्ट्यावर उताणा होता आणि आई शेजारच्या खुर्चीत बसली होती, काळा चष्मा काढून. जिथे ती रफूला बसायची तीच खुर्ची. "चष्मा का काढलास?" ती म्हणाली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"इकडे ये."

"थेंब घातलेस का?"

"घातले. ये गं इकडे. उजेड आहे तोवर."

ती जाऊन समोर पायपुसण्यावर बसली, लहानपणी बसायची तशी. आईने फोटोवर बोट ठेवलं. "हे त्या मुलाने रंगवलंय होय?" तिने फोटो पालथा घातला. आई म्हणाली, "मी मूर्ख. सगळ्या जगाला दाखवत बसले." मग म्हणाली, "त्या औषधाने डागाळलेल्या दातांना तुमच्यात नंबर देतात ना? माझा कितवा?"

"तुझा कुठला, आई. दात माझे आहेत."

"कितवा ते सांग."

दुपारी ज्या तोंडाने ती त्या मुलीशी खरं बोलली होती तेच तोंड होतं. "दुसरा," ती म्हणाली. "लोकांचे कितीतरी वाईट असतात. आणि ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध होतं, आई. बाबांनंतर मला झालं होतं ना, तेव्हाचं. त्या एकदाच्याच औषधाने झालंय. ते घेतलं नसतं तर मी आज नसतेच."

"एकदाच्याच?"

"हो."

"आ कर."

"आई, राहू दे ना."

"आ कर म्हणते ना."

तिने तोंड उघडलं. आईने अंगठ्याने तिचा वरचा ओठ वर केला, पुसायला म्हणून पदराचं टोक घेतलं आणि पुसलं नाही. सुरकुतलेलं बोट पुढच्या दाताच्या टोकाशी आलं. आई कापड बघायची तसं, मान किंचित वाकडी करून बघत होती. "ही एक रेघ," ती म्हणाली. "दात टोकाकडून घडतो, परीक्षेला मोठ्याने पाठ करायचीस ना. ही त्या तापाची. तू बसायला लागली होतीस." बोट वर सरकलं. "मग ही कशाची? एकदाच्या औषधाला इतक्या रेघा?" तिला बोलायचं होतं. ती ऊं ऊं करू लागली, पण आईचं बोट दातावर होतं. "ही पुढच्या थंडीची," आई म्हणाली. "तू भिंत धरून चालत होतीस. नुसतं नाक वाहत होतं तुझं, ताप नव्हताच. मी रात्रभर बसले होते. मला वाटलं, हे पण गेलं." बोट अजून वर गेलं. आईच्या नव्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि ते तिला पुसायचं नव्हतं, कारण तेवढा वेळ दिसलं नसतं. "आणि ही..."

तिने डावा हात वर केला. सवयीने, न ठरवता. दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन. आईला ती खूण माहीत नव्हती. वर आलेला हात तिने आपल्या हातात धरला, मांडीवर घेतला, थोपटला, आणि दुसऱ्या हाताचं बोट वरच्या रेघेवर ठेवून पुढची थंडी सांगू लागली.